वाशीला पेटी कितीला पडते? कोकणातून माल पाठवण्याचा हिशेब, पायरीपायरीनं

एप्रिलच्या मध्यावर आमच्या अंगणात रात्री आठ-साडेआठला पिकअप लागते. दोन तास भरणं चालतं, ताडपत्री ओढली जाते, दोऱ्या आवळल्या जातात आणि चहाचा कप ओट्यावर ठेवता ठेवता ड्रायव्हर विचारतो, "वैनी, भाडं आत्ता देताय का पट्टी आल्यावर?" पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब. लग्न होऊन राजापूर तालुक्यातल्या ओणीच्या पलीकडच्या या गावात आले तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. किती द्यायचे ते सगळ्यांना तोंडपाठ असायचं. पण पेटीमागं किती पडले, हे मात्र पहिली पाच-सहा वर्षं घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. सासरे म्हणायचे, "भाडं काय, जायचंच." आणि जायचंच.

आता घरची वही माझ्याकडे आहे. आंबा, काजूगर, कोकम आणि थोडं आगळ (कोकमाचा रस) नि सरबत असा आमचा माल वाशी (नवी मुंबईचा घाऊक बाजार), पुणे, कोल्हापूर या तीन दिशांना जातो. भाडं कसं कमी करावं असं मला लोक विचारतात, तेव्हा मी आधी सांगते की भाड्यावर घासाघीस करून दोन-पाचशे सुटतात, तेही ड्रायव्हर नाराज होऊन. खरे पैसे गाडीतल्या रिकाम्या जागेत, रिकाम्या परतीत आणि वाटेत नासलेल्या मालात जातात. गंमत म्हणजे डिझेलचा धूरही नेमका तिथंच वाया जातो. त्यामुळे पर्यावरणासाठी वेगळा खर्च आणि घरासाठी वेगळी बचत असं काही करावं लागत नाही.

देशाच्या पातळीवरही हाच हिशेब चालू असतो. मालवाहतूक, साठवण वगैरेंवर आपला देश जीडीपीच्या 13-14 टक्के खर्च करतो असं वर्षानुवर्षं ऐकत आलो. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारनं नवा अभ्यास जाहीर केला आणि 2023-24 साठी तो आकडा 7.97 टक्के निघाला. चांगलंच आहे. पण त्याच अभ्यासात लहान उद्योगांना हा खर्च मोठ्यांपेक्षा कितीतरी जड जातो हेही दिसतं. का, ते आमच्या अंगणात उभं राहिलं की कळतं. कंपनीची गाडी भरून जाते, आमची अर्धी.

पहिली पायरी: महिनाभर नुसतं लिहा

काही बदलू नका, नुसतं लिहा. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक खेपेला एक ओळ: तारीख, कुठली गाडी, किती पेट्या किंवा किती किलो, गाडीत अजून किती मावलं असतं, भाडं, भराई-उतराई, बाजारातले हमाली, वाराई असे मजुरीचे आकार, गाडी आपल्या दारात किती तास थांबली, तिकडे किती तास थांबली, पट्टीवर किती माल डागी (डाग पडलेला, कमी भावाचा) म्हणून आला, आणि गाडी परत येताना काय घेऊन आली. हा शेवटचा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो, कारण "आपल्याला काय त्याचं?" असं वाटतं. तोच सगळ्यात महत्त्वाचा.

महिन्यानं पेटीमागचा खर्च काढा. आमचं उदाहरण देते. आकडे समजण्यापुरते धरा आणि तुमचे घाला. आमच्याकडून वाशी साधारण 370 किलोमीटर. पिकअपचं भाडं 13,000 रुपये धरू. पाच डझनी लाकडी पेटी गवतासकट अठरा-एकोणीस किलोची. पिकअपमध्ये सत्तर पेट्या आरामात बसतात, पण आमच्या एका तोडणीतून निघायच्या चाळीस. म्हणजे पेटीला 325 रुपये. सत्तर भरल्या असत्या तर 186. तीच पेटी मोठ्या आयशर ट्रकमधून अडीचशे पेट्यांबरोबर गेली आणि आयशरचं भाडं 24,000 झालं, तर 96.

आता यात नासाडी मिळवा. चाळीसातल्या पाच पेट्या डागी लागल्या आणि प्रत्येकीला पाचशे रुपये कमी आले, तर अडीच हजार गेले, म्हणजे पेटीमागं आणखी 62. भाड्यात पाचशे रुपये सोडवायला आपण अर्धा तास वाद घालतो आणि हे अडीच हजार पट्टीच्या कोपऱ्यात मुकाट वाचून घडी घालून ठेवतो.

डिझेलचा हिशेबही याच वहीत बसतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पिकअप लिटरला अकरा किलोमीटर देत असेल तर जाऊन-येऊन 740 किलोमीटरला 67 लिटर, म्हणजे 180 किलो. चाळीस पेट्यांत वाटला तर पेटीला साडेचार किलो, सत्तरांत अडीचच्या जरा वर. आयशरनं लिटरला साडेसहा दिले तर 114 लिटर जळतं, धूर 305 किलो, पण अडीचशे पेट्यांत वाटला की पेटीला सव्वा किलोच्या आतच. रुपयांची उतरंड आणि धुराची उतरंड जवळजवळ सारखी आहे, हे त्या पानावर शेजारीशेजारी लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. हे आकडे जपून ठेवा. मोठ्या शहरातले काही दुकानदार आणि निर्यातदार हल्ली ते मागायला लागले आहेत.

दुसरी पायरी: रिकामी परत येणारी गाडी शोधा

आमच्याकडे काजूगर न्यायला कोल्हापूरकडचा एक टेम्पोवाला यायचा. भाडं जास्त सांगतो म्हणून मी एकदा कुरकुर केली, तर तो हसला. म्हणाला, "वैनी, भाडं जास्त न्हाई. मी तिकडनं हिकडं हात हलवत येतो, त्याचं डिझेल कोण घालणार? तुमच्याच भाड्यात घालणार की."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी त्याला तिकडून खास बोलावून घेत होते, आणि दर मंगळवारी तिकडूनच भाजी घेऊन आलेले दोन टेम्पो आमच्याच बाजारातून रिकामे घाट चढत होते.

कोकणाचं हे गणित पक्कं ध्यानात ठेवा. वर्षातले नऊ-दहा महिने कोकणात माल येतो जास्त आणि जातो कमी. भाजी, कांदा, साखर, कोंबडीखाद्य, पेंड, सिमेंट, किराणा हे सगळं घाटावरून नाहीतर मुंबईकडून येतं. परतीची गाडी बहुतेक रिकामी. आंब्याच्या अडीच महिन्यांत गणित उलटं होतं. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना जागा नाही आणि येताना रिकामे क्रेट खडखडत येतात. म्हणजे काजू-कोकमासाठी वेगळी युक्ती आणि आंब्यासाठी वेगळी.

हे काही नवं शहाणपण नाही. राजापूर हे एके काळचं मोठं बंदर. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी इथली इंग्रजांची वखार लुटली ती उगाच नाही, इथं तसा पैसा होता. अणुस्कुरा घाटानं बैलांचे तांडे धान्य, गूळ घेऊन उतरायचे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन चढायचे. रिकामा बैल चढवणं कुठल्या तांडेवाल्याला परवडलं असतं? आपण ट्रक मात्र सर्रास चढवतो.

करायचं काय? पहिल्यांदा आपल्या जवळच्या आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी सातला जाऊन उभं राहा. भाजीच्या, किराण्याच्या, खताच्या ज्या गाड्या उतरतात त्यांच्या ड्रायव्हरांची नावं, नंबर, गाव आणि परत निघायची वेळ लिहून घ्या. पोल्ट्रीला खाद्य आणणारे आणि सिमेंटच्या दुकानात माल टाकणारेही सोडू नका. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा अकरा नंबर मिळाले. त्यातले चार उपयोगाचे निघाले, आणि चार पुष्कळ झाले.

मग भाव. परतीच्या गाडीला पूर्ण भाडं द्यायचं नाही हे खरं, पण फुकटात नेईल अशी अपेक्षाही ठेवू नका. रिकामी गाडी घाट चढते आणि टनभर माल घेऊन चढते यात डिझेलचा फरक पडतो, आणि तो ड्रायव्हरला आपल्यापेक्षा चांगला कळतो. नेहमीच्या भाड्याच्या निम्म्यावर आमचं बहुतेक जमतं. त्याच्यासाठी पैशाइतकाच महत्त्वाचा वेळ असतो. माल रस्त्याला आणून ठेवलेला, पोती शिवलेली, कागद तयार, वीस मिनिटांत भरून मोकळा, असं असेल तर तो पुढच्या आठवड्यात स्वतः फोन करतो. त्याला दोन तास ताटकळत ठेवलंत की पुन्हा फोन उचलत नाही.

एक सावधगिरी. गाडी आधी काय घेऊन आली ते विचारा आणि हौद्यात स्वतः वाकून वास घ्या. मासळी, खत, कीटकनाशक यांच्या गाडीत काजूगर किंवा कोकम टाकलं तर वास चिकटतो. आमची आमसुलाची दोन पोती अशी परत आली आहेत. धुतलेला हौदा, त्यावर जुनी स्वच्छ ताडपत्री आणि मग माल. आणि परतीच्या गाडीचा विमा, परवाना, ड्रायव्हरचं लायसन्स यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. ओळखीचा आहे म्हणून सोडून देऊ नका.

तिसरी पायरी: शेजाऱ्याबरोबर गाडी भरा (हे सगळ्यात अवघड)

वरच्या हिशेबात 325 चे 96 झाले ते मोठी गाडी भरून गेली म्हणून. पण अडीचशे पेट्या एका घरात कुठून येणार? सहा बागायतदार एकत्र आलो तेव्हा जमलं. एकत्र येणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. एका बांधावर दोन भाऊ बोलत नाहीत तिथं सहाजणांची एक गाडी!

पहिल्या वर्षी मोडलंच होतं. गाडी नऊला निघायची ठरलेली, एकाच्या पेट्या अकराला आल्या. वाशीत पहाटेचा बाजार चुकला आणि सगळ्यांनाच भाव कमी मिळाला. दुसऱ्या वर्षी आम्ही चार नियम लिहून काढले आणि सहाजणांनी त्यावर सह्या केल्या. हसायला येतं, पण सह्यांमुळेच ते टिकलं.

गाडी ठरल्या वेळेला निघणार, कुणाचा माल आला नाही तर त्याची जागा रिकामी जाईल आणि भाडं त्यालाच पडेल. प्रत्येक पेटीवर आपली खूण आणि आत असलेल्या डझनांचा आकडा ठळक. दलालाकडून पट्टी प्रत्येकाची वेगळी घ्यायची. भाडं पेट्यांच्या संख्येवर वाटायचं, घर रस्त्यापासून किती आत आहे यावर नाही. आतल्या वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत माल आणायची जबाबदारी ज्याची त्याची. आणि डागी माल निघाला तर आधी पेटी गाडीत कुठल्या थरात होती ते बघायचं, मग भांडायचं. हा चौथा नियम आमच्या भाऊजींचा. खालच्या थरातली पेटी सगळ्यात जास्त दबते, म्हणून दर खेपेला खालचा थर फिरता ठेवतो. गेल्या खेपेला ज्याच्या पेट्या तळाला, त्याच्या या खेपेला वर.

गाडी पूर्ण भरायची म्हणजे मर्यादेबाहेर कोंबायची असं नाही. 2018 मध्ये ट्रकच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या ट्रकचं मालासकट एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत गेलं. त्याच्या वर भरलं तर दंड आहेच, शिवाय घाट उतरताना ब्रेक तापतात. चिरा आणि वाळूच्या गाड्या कशा उतरतात ते आपण रोज बघतो. त्यांच्यासारखं करू नका.

चौथी पायरी: पेटी, क्रेट, खोका

लाकडी पेटीचा रुबाब मला मान्य आहे. पेटी उघडल्यावर गवताचा आणि हापूसचा जो वास येतो तो पुठ्ठ्याच्या खोक्याला नाही. पण पेटी एकदाच जाते, परत येत नाही, आणि तिचं तीन-चार किलो लाकूड आपण भाडं देऊन मुंबईला पाठवत असतो. अडीचशे पेट्यांत ते जवळजवळ टनभर होतं.

घाऊक बाजाराला जाणारा माल आम्ही आता बहुतेक प्लास्टिकच्या क्रेटमधून पाठवतो. घेताना एकात एक बसणारे किंवा घडी होणारेच घ्या. साधे क्रेट परत येताना भरलेल्या इतकीच जागा खातात, म्हणजे परतीची गाडी पुन्हा हवा वाहत येते. क्रेटवर नाव कोरून घ्या. रंगानं लिहिलेलं दोन महिन्यांत जातं आणि क्रेट दुसऱ्याचा होतो. दलालाकडून रिकामे क्रेट परत मिळाल्याची चिठ्ठी दर खेपेला हवी.

पुठ्ठ्याचे खोके वापरत असाल तर एकावर एक कोपऱ्याला कोपरा लावून उभे रचा. विटांसारखी सांधेमोड करून रचले की रास घट्ट वाटते, पण खोक्याची खरी ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते आणि ती निघून जाते. बाजूच्या भोकांसमोर भोकं येतील असंही बघा. आंबा झाडावरून उतरला तरी श्वास घेत असतो, उष्णता टाकत असतो. एका मे महिन्यात आमची गाडी महामार्गावर एका वळणरस्त्यात नऊ तास अडकली. ताडपत्री चारही बाजूंनी गच्च, भोकं एकमेकांच्या पाठीला. मधल्या रांगा अक्षरशः शिजल्या. तेव्हापासून ताडपत्री फक्त वरून आणि समोरून. मागची बाजू जाळीची.

कुरिअरनं माल पाठवणाऱ्यांनी एक गुणाकार शिकून घ्यावा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि बऱ्याच कुरिअरांच्या रीतीप्रमाणे 5000 नं भागा. येतं ते त्यांच्या लेखी वजन. 40 बाय 30 बाय 30 चा खोका म्हणजे 7.2 किलो, मग आत पाच किलोच काजू असले तरी. उरलेली जागा आपण कागदाच्या गोळ्यांनी भरतो आणि त्या गोळ्यांचं भाडं देतो. माझ्याकडे आता तीन मापांचे खोके आहेत, आणि तिसरं माप पाच किलो काजू नेमके बसतील असं बनवून घेतलेलं आहे.

पाचवी पायरी: वाट आणि वाहन

आपल्याकडे चार वाटा: महामार्ग, घाट, रेल्वे आणि पाणी.

महामार्गाबद्दल काय लिहू? मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण बघत आमच्या मुलांच्या शाळा संपल्या. जिथं झालंय तिथं गाडी सुरेख जाते, जिथं नाही तिथं सगळं कमावलेलं जातं. अंतर बघून वेळ ठरवू नका. त्याच आठवड्यात जाऊन आलेल्या ड्रायव्हरला विचारा.

घाट निवडताना लोक अंतर बघतात, मी चढ आणि रुंदी बघते. साखरप्यावरून आंबा घाट, पाचलवरून अणुस्कुरा, फोंडा, वैभववाडीहून करूळ, सावंतवाडीहून आंबोली, चिपळूणहून कुंभार्ली. अणुस्कुरा आम्हाला जवळचा, पण मोठ्या आयशरला अडचणीचा. छोट्या टेम्पोला तो, मोठ्या गाडीला आंबा, असं आमचं ठरलेलं आहे. दहा-पंधरा किलोमीटर जास्त झाले तरी सलग जाणारी गाडी कमी डिझेल खाते.

रेल्वेचं बघा. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण सुरू झाली आणि 2022 मध्ये तिचं पूर्ण विद्युतीकरण झालं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं, चढही सौम्य, त्यामुळे टनामागं लागणारी ऊर्जा ट्रकच्या मानानं फारच कमी. मग आपण सगळा माल तिनंच का पाठवत नाही? कारण प्रवासी गाडी स्टेशनात दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात पार्सल चढायला हवं, आणि दोन्ही टोकांना पुन्हा टेम्पो लागतोच. घाईचा, नाजूक माल मी रेल्वेनं पाठवत नाही. काजूगर, आमसुलं, पापड यांना मात्र ती उत्तम. दोन दिवस आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन कुठल्या गाडीच्या मालडब्यात जागा मिळते ते विचारा. राजापूर रोडपेक्षा रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा मोठ्या स्टेशनांवर काम सोपं होतं. पोत्याच्या दोन्ही अंगांना पत्ता लिहा, आणि घेणारा माणूस तिकडे फलाटावर हजर ठेवा. उतरून पडलेल्या पार्सलवर दिवसाप्रमाणे आकार चढतो.

भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा कोकण रेल्वेनं जानेवारी 1999 मध्ये सुरू केली. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा हे 417 किलोमीटर. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. ट्रक झोपून जातो, डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हरलाही झोप मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपल्यासारख्यांना तिचा थेट उपयोग नाही, आपण मधल्यामध्ये आहोत. पण कर्नाटक, केरळकडून काजू बी किंवा नारळ मागवणारे असाल तर तिकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याला हा मार्ग विचारून बघा. आपल्याकडे मधल्या स्टेशनांवर ट्रक चढवा-उतरवायचे धक्के व्हावेत ही मागणी आपण लावून धरायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी सगळ्यात स्वस्त, आणि आपण तेच सोडलं. मंगळुरी कौलं खाडीतून गलबतांनी यायची, आंब्याच्या पेट्या बोटीनं मुंबईला जायच्या हे सासऱ्यांनी बघितलेलं. आज लहान माणसाच्या हाती उरली ती खाडीवरची फेरी. पण तिला कमी लेखू नका. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, दिघी-आगरदांडा या फेऱ्या वाहनं नेतात. दापोलीकडचा माल गुहागरला न्यायचा तर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून जायचं की पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरायचं? फेरीचं तिकीट आणि वाचलेलं डिझेल शेजारीशेजारी मांडा. भरलेला टेम्पो घेणार का, किती वजनापर्यंत, आणि शेवटची फेरी किती वाजता, हे धक्क्यावर आधी विचारून ठेवा.

एसटीला विसरू नका. 2020 च्या टाळेबंदीत महामंडळानं बसचे मालवाहू ट्रक करून मालवाहतूक सुरू केली. गावातल्या गटांना पूर्ण ट्रक भरायचा असेल तर ती आता मिळते का, याची आगारात चौकशी करायला हरकत नाही.

सहावी पायरी: डिझेल वाचवणारे छोटे उद्योग

गाडी आपली असेल तर हवा दर आठवड्याला तपासा, कमी हवेचा टायर डिझेल आणि स्वतःला दोन्ही खातो. भाड्याची असेल तर उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायला सांगा. गाणी लावायला इंजिन लागत नाही. रात्री निघून पहाटे पोचायचं गणित मालासाठीही चांगलं आणि रस्त्यासाठीही. ड्रायव्हरला "लवकर पोच" असं सांगू नका, "चारला पोच" असं सांगा. लवकरच्या नादात तो ऐंशीनं पळवतो आणि गेटबाहेर दोन तास उभा राहतो.

बागेपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या फेऱ्यांसाठी आमच्या गटातल्या एकानं विजेवरची तीनचाकी मालगाडी घेतली आहे. तीन-चारशे किलो, पाच-सात किलोमीटर, दिवसाला सहा फेऱ्या, यासाठी ती झकास. उतारावर ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत जाते, आणि आमच्याकडे भरलेली गाडी बागेतून खाली येते, रिकामी वर जाते, हेही तिच्या पथ्यावर पडतं. धूर शून्य मात्र म्हणू नका. आपल्याकडच्या एका युनिट विजेमागं सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड कुठंतरी निघतोच. तरी डिझेलपेक्षा पुष्कळ कमी. आणि एप्रिलच्या वादळात दोन दिवस वीज गेली तर काय करायचं, ते घेण्याआधी ठरवा. आमचा माणूस तेव्हा भाऊजींची जुनी जीप मागून घेतो.

सातवी पायरी: कागद आणि कॅलेंडर

ताज्या आंब्याला ई-वे बिलाची (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) कटकट नाही. काजूगर, सरबत असा माल 50,000 रुपयांच्या वरचा आणि राज्याबाहेर जाणारा असेल तर ते लागतं; राज्यातल्या राज्यातली मर्यादा तुमच्या हिशेबनिसाला विचारा. बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी दरडीमुळे अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून ते आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे ड्रायव्हरला माहीत नसतं, म्हणून तुम्हाला माहीत हवं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन गोष्टी लाल पेनानं लिहून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात. गणपतीच्या आगेमागे महामार्गावर 16 टन आणि त्यावरच्या जड वाहनांना दरवर्षी ठरावीक दिवस बंदी असते. आमचा काजू-कोकमाचा दिवाळीचा माल आम्ही त्याआधीच पुण्यात नेऊन ठेवतो. आणि जुलैत कुठलाही घाट गृहीत धरू नका. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या पुलाचं नुकसान होऊन महामार्गच तुटला होता, आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीचा पूल वाहून गेला हे कोकणात कुणी विसरलेलं नाही. पावसाळ्यात टिकाऊ मालाचा महिनाभराचा साठा घाटावर ओळखीच्या गोदामात ठेवायला जे भाडं पडतं, ते अडकलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं. आम्ही कराडजवळ एका नातेवाइकांची खोली वापरतो.

एवढं सगळं करूनही वहीतला एक रकाना सुधारत नाही: तिकडे बाजाराच्या गेटबाहेर गाडी थांबते ते तास. मे महिन्यात तिथं रांग लागते आणि त्या रांगेवर माझा काही इलाज चालत नाही. यंदा एक करून बघतोय. सोमवारची एक गाडी वाशीऐवजी कोल्हापूरमार्गे पुण्याच्या मार्केट यार्डात. अंतर जवळपास तेवढंच, घाट एक जास्त, पण येताना त्याच टेम्पोला घाटावरचं पोल्ट्रीखाद्य मिळतं. पहिल्या तीन खेपांचे आकडे वहीत उतरलेत, चौथी गाडी आज रात्री भरायची आहे.